डुलत्या खुर्चीचा पुरावा

डॉक्टर दारिओ वुकेलिचनं जर्नल क्लबात, म्हणजे छापील शोधनिबंध तपासायच्या बैठकीत, पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा काय झालं, हे हॅमिल्टनच्या डोंगरावरच्या त्या हॉस्पिटलात धोबीखात्यापासून शवागारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं हर्नियाच्या ऑपरेशनवरचा एक पेपर आणला होता. आणला होता म्हणजे त्याचा पहिला परिच्छेद वाचला होता आणि शेवटचा; मधली पानं देवावर सोडली होती. सर्जरीच्या प्रमुख डॉक्टर मोइरा किलब्राइड यांनी चष्म्याच्या वरून बघत एक साधा प्रश्न विचारला.

"सुरुवात केली तेवढे पेशंट शेवटपर्यंत हाताशी राहिले का? किती हरवले?"

"हरवलं कुणीच नाही, मॅडम," दारिओ छातीठोकपणे म्हणाला. "सगळे सुखरूप आपापल्या घरी गेले."

बाई विचारत होत्या ते वर्षभरानं तपासायला बोलावल्यावर किती जण फिरकलेच नाहीत, त्याबद्दल. निम्मे फिरकले नव्हते. ज्यांचा हर्निया पुन्हा वर आला ते चिडून दुसरीकडे गेले असतील. उरलेल्या खूश मंडळींच्या जोरावर पेपरनं ऑपरेशनचा विजय जाहीर करून टाकला होता. हे सगळं मधल्या पानांत छापलेलं होतं. सगळी खोली हसली, फक्त किलब्राइडबाई हसल्या नाहीत, आणि त्या हसत नाहीत तेव्हा माणसाची धडगत नसते.

"मार्चमध्ये पुन्हा मांडायचं," त्या म्हणाल्या. "पेपर मी देईन. तेव्हाही असेच दिवे लावलेस, तर रेसिडेंट म्हणून हे वर्ष परत करायचं."

 तिकडे स्टोनी क्रीकमध्ये दारिओच्या आईनं क्रोएशियन चर्चमधल्या समस्त बायकांना सांगून ठेवलं होतं की जुलैपासून माझा मुलगा सीनियर होणार, त्याच्या हाताखाली माणसं असणार. तिनं त्यासाठी डुकराचं एक पिल्लू आगीवर भाजायचं म्हणून आधीच सांगूनही ठेवलं होतं. आता पोरगा त्याच इयत्तेत बसणार, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

किलब्राइडबाईंचा क्लब दर महिन्याला एका गुरुवारी सकाळी, राउंडच्या आधी भरायचा. खिडकीबाहेर स्टीलच्या कारखान्यांचा धूर, आत थर्मासमधली कॉफी आणि डोनटचे खोके. त्यांचा एक रिवाज होता. पेपरवरचं लेखकाचं नाव, हॉस्पिटलचं नाव, मासिकाचं नाव, सगळं त्या स्वतः जाड काळ्या मार्करनं झाकून टाकायच्या. "मोठं नाव दिसलं की तुमची अक्कल गुडघे टेकते," असं त्यांचं म्हणणं. मग पेपर मांडणाऱ्यानं त्याची चिरफाड करायची आणि शेवटी बाई एकच प्रश्न विचारायच्या, "उद्या सकाळी आपल्या वॉर्डातल्या माणसाला हे करणार का? हात वर." त्या प्रश्नापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची, कारण वॉर्डातला माणूस खराखुरा असायचा आणि सगळ्यांना नावानं माहीत असायचा.

मागच्या रांगेत एक म्हातारा न चुकता येऊन बसायचा. अँगस टॉल्मी. केव्हाचा निवृत्त झालेला सर्जन, कानात यंत्र, मांडीवर डोनट. तो बहुतेक वेळ डोळे मिटून असायचा. नवीन पोरांना वाटायचं, घरी हीटर नीट चालत नसेल म्हणून ऊब घ्यायला येत असेल.

तर बाईंनी दारिओला दिलेला पेपर टाइपरायटरच्या जमान्यातला होता आणि विषय असा, की दारिओनं पहिलं पान दोनदा वाचलं. पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी काही दिवस संपावर जातात. ती कामावर परतली, याची खूण एकच: पेशंटचा वारा सरणं. तोवर पोटात अन्न नाही. पेपरचा दावा असा, की ऑपरेशननंतर माणसाला डुलत्या खुर्चीत बसवून झुलवत ठेवलं, तर पलंगावर पडून राहणाऱ्यापेक्षा त्याचा वारा पुरता एक दिवस आधी सरतो.

"हे शास्त्र आहे?" दारिओनं ग्वेन ऑस्ट्रँडरला विचारलं. ग्वेन त्याच्याच बॅचची, उंच, तोंडाची फटकळ.

"वॉर्डात जाऊन बघ," ग्वेन म्हणाली. "तिथं अख्खं कुटुंब त्याच शास्त्राची वाट बघत बसलंय."

ते कुटुंब स्कार्फोनेंचं. ब्रुनो स्कार्फोने, जन्मभर भट्टीपाशी काम केलेला आडदांड माणूस, आतड्याचा तुकडा काढून घेऊन पडला होता. दोन मुलगे, एक सून आणि बायको असुंता पलंगाला वेढा घालून बसलेली. असुंताच्या पिशवीत मीटबॉलचा डबा होता आणि तो ती रोज घरी परत नेत होती. दारिओ दिसला की सगळे एकदम उभे राहायचे.

"झालं का काही, मिस्टर स्कार्फोने?"

"काही नाही, डॉक्टर," ब्रुनो खिन्नपणे म्हणायचा. "लग्नात, चर्चमध्ये, साहेबासमोर, कुठं म्हणून थांबला नाही. आणि आता बघा."

"मी चाळीस वर्षं म्हणतेय थांबव, थांबव," असुंता म्हणाली. "आत्ता ऐकलंन माझं."

पेपरची बातमी वॉर्डात कशी पोहोचली कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी ब्रुनोच्या मुलांनी बाळंतिणींच्या वॉर्डातली डुलती खुर्ची लिफ्टमधून वर पळवून आणली. बापाला उचलून तिच्यात बसवला आणि संध्याकाळी दारिओ राउंडला आला तर असुंता रडत हसत होती, ब्रुनो सुपाचा वाडगा धरून बसला होता आणि दोघे मुलगे येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्चीवर हात ठेवून सांगत होते की हिनं केलं, हिनंच.

दारिओ मात्र भुलला नाही. ह्या वेळी त्यानं मधली पानं वाचली होती आणि वाचता वाचता त्याच्या अंगात आलं होतं. कँटीनमध्ये ग्वेनसमोर पेपर पसरून तो एकेक भोक दाखवत होता.

"हे बघ. कुणाला खुर्ची, कुणाला पलंग, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलंच नाही! तळ्याच्या बाजूच्या खोल्यांत खुर्च्या होत्या, म्हणून तिथले लोक खुर्चीवाले. आणि ज्यांना उठून बसताच येत नव्हतं, त्यांना सरळ पलंगाच्या गटात ढकललं. म्हणजे खुर्चीत बसलेले आधीच धडधाकट!"

"चोर लेकाचा," ग्वेन समाधानानं म्हणाली.

"थांब, पुढं ऐक. खोलीत चार-चार पेशंट. रात्री दिवे बंद. आवाज झाला, तर तो कुणाचा हे कसं ठरवलं?"

"कसं?"

"पेशंटला विचारून."

ग्वेननं कॉफीचा कप खाली ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हसत राहिली.

दारिओनं ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक पानं, बनवल्या, लाल पेननं. लेखकाचं नाक कापून हातात द्यायची त्याची तयारी होती. कित्येक दिवसांत त्याला एवढी शांत झोप लागली नव्हती.

बुधवारी दुपारी सह्यांचे कागद घेऊन तो किलब्राइडबाईंच्या ऑफिसात गेला. ह्या खोलीत तो आजवर उंबऱ्याच्या आत आला नव्हता. झापून घ्यायचं काम दारातूनही होत असे. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, हातात फाइल, आणि मागेपुढे, मागेपुढे डुलत होत्या.

डुलत्या खुर्चीत.

दारिओनं सह्या घेतल्या, आभार मानले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकला. त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. एक, बाईंच्या ऑफिसात डुलती खुर्ची. दोन, पेपर बाईंनी स्वतः निवडून दिला, इतरांना निवडू देतात तसं नाही. तीन, पेपरमधलं हॉस्पिटल तळ्याच्या काठी, आणि बाई शिकल्या किंग्स्टनला, म्हणजे तळ्याच्याच काठी.  लाल पेननं ज्याचं नाक कापायचं, ते नाक उद्या पहिल्या रांगेत चष्मा घालून बसणार होतं.

"ग्वेन, पेपर तिचा आहे."

"कुणी सांगितलं?"

"पुरावा आहे. खुर्ची, निवड आणि तळं."

"अरे, ओंटारिओत जिकडे थुंकशील तिकडे तळं आहे. एका खुर्चीवरून तू लेखक ठरवणार?"

"तीन गोष्टी आहेत! एवढ्यावर माणसं तुरुंगात जातात."

"जातात ना. निर्दोष माणसं."

पण भेदरलेल्या माणसाला कोण समजावणार? दारिओला आता सगळंच स्पष्ट दिसायला लागलं होतं. बाईंनी 'पेपर मी देईन' म्हटलं तेव्हा ओठ दाबले होते, तेही पुराव्यात जमा झालं. लाल ट्रान्सपरन्सींचा गठ्ठा त्यानं रेसिडेंटांच्या खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि नवा कोरा संच घेऊन बसला. ह्या वेळी निळं पेन. निळा रंग कसा सौम्य असतो.

गुरुवारी खोली भरली होती. हर्नियाचा किस्सा ऐकलेले लोक दुसरा अंक बघायला आले होते. मागे टॉल्मी आज चक्क जागा होता. टाय बांधून आला होता आणि डोनटला हातही लावला नव्हता. दारिओचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याचं सगळं लक्ष पहिल्या रांगेतल्या चष्म्याकडे.

"प्रथम सांगायला हवं," तो म्हणाला, "की हा एक धाडसी पेपर आहे."

किलब्राइडबाईंनी मान वर केली.

"पेशंट थोडे आहेत, पण मोजके आणि निवडक आहेत. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. त्यात मला लेखकाची माणुसकी दिसते. आजारी माणसाला नशिबाच्या हवाली का करायचं?"

खोलीत कुणीतरी खोकलं. ग्वेननं कपाळावर हात मारला.

"खोलीत चार पेशंट होते," बाई सावकाश म्हणाल्या. "वारा कुणाचा, हे कसं ठरलं?"

"पेशंटच्या शब्दावर, मॅडम. लेखकाचा माणसांवर विश्वास आहे. आजकाल तो कुठं राहिलाय?"

"मोजणाऱ्या नर्सला ठाऊक होतं कोण कुठल्या गटात आहे ते."

"त्यामुळे तिला मोजणं सोपं गेलं असेल."

बाईंची मान लाल व्हायला लागली. दारिओला वाटलं, लाजल्या. आपल्या तरुणपणीच्या कामाचं कौतुक ऐकून कुणाला बरं वाटत नाही? त्याला जोर चढला. लेखकाला पैसे कमी मिळाले असतील, वेळ कमी मिळाला असेल, वरिष्ठांचा जाच असेल, असं तो बोलत सुटला. लेखकाच्या वतीनं त्याचे डोळेही जरा ओले झाले. मग त्यानं हुकमाचं पान काढलं. "आणि पुरावा हवाच असेल, तर आपल्याच वॉर्डातले मिस्टर स्कार्फोने! खुर्चीत बसले आणि त्याच संध्याकाळी सूप प्याले."

"खुर्चीत बसण्याआधीच सुटला तो," मागून ग्वेन म्हणाली. तिला आता राहवेना. "मुलांनी त्याला पलंगावरून उचलला ना, तेव्हाच. मी पाय धरून होते. मला विचारा."

हशा एवढा झाला की बाहेरून जाणारी नर्स डोकावून गेली. हसू ओसरल्यावर बाईंनी थंड आवाजात नेहमीचा प्रश्न टाकला. "उद्या सकाळी आपल्या वॉर्डातल्या माणसाला हे करणार का? हात वर."

दारिओनं हात वर केला. त्याचा एकट्याचाच.

"मी नाही करणार," मागून घोगरा आवाज आला. सगळे वळले. अँगस टॉल्मी काठीवर भार देऊन उभा राहत होता.

"का, सर?" बाईंनी विचारलं. त्या त्याला सर म्हणतात, हे बऱ्याच जणांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"कारण तो पेपर माझा आहे."

दारिओचा हात वरच राहिला होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचेना.

"पोरा, तुला ठाऊक आहे का," टॉल्मी म्हणाला, "त्या वॉर्डात वारा सरला की पेशंटचं खाणं सुरू व्हायचं, आणि सुरुवात व्हॅनिला आइस्क्रीमनं व्हायची? खोलीत एक आवाज झाला की चौघंही म्हणायचे, माझा, माझा. हे मी पेपरात लिहिलं नाही. मला वाटलं, आइस्क्रीमचा काय संबंध?" तो थांबला. कुणी हसलं नाही, कारण तो हसत नव्हता. "तो छापून आला तेव्हा मी प्रमुख होतो, म्हणून कुणी बोललं नाही. निवृत्त झालो तर जुना माणूस म्हणून बोलत नाहीत. गावोगावच्या हॉस्पिटलांनी त्या पेपरावर विसंबून खुर्च्या घेतल्या. तीस वर्षांत एकानंही मला तोंडावर सांगितलं नाही की अँगस, हे भिकार आहे. म्हणून मी मोइराला म्हटलं, मला न ओळखणाऱ्या एखाद्या पोराला दे, नाव झाकून. मेल्यावर चिरफाड झाली तर मला काय ऐकू येणार?"

तो खाली बसला. दारिओला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी तुला निवडलं," किलब्राइडबाई दारिओकडे वळल्या, "कारण ह्या खोलीत मला सगळ्यात जास्त घाबरतोस तू. वाटलं, सगळ्यात कसून तूच वाचशील. आता खरं सांग. हे तुझं मत आहे?"

"नाही, मॅडम."

"मग हे काय होतं?"

"मला वाटलं, पेपर तुमचा आहे. तुमच्या ऑफिसात... खुर्ची आहे."

"ती माझ्या कमरेसाठी आहे!"

"आणि तुम्ही शिकलात किंग्स्टनला. तळ्याकाठी."

"मी वाढले विनिपेगला, गव्हाच्या मुलखात, पण म्हणून काही मी गहू पिकवत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे एक खुर्ची, एक तळं. अजून काही?"

"तुम्ही ओठ दाबले होते."

"दात काढला होता त्या आठवड्यात."

आता मात्र सगळ्यांनी दारिओच्या पुराव्याची चिरफाड करायला घेतली. हॉस्पिटलात आणखी कुणाकुणाकडे डुलत्या खुर्च्या आहेत, ते विचारलंस का? नाही. तळ्याकाठी शिकलेले किती डॉक्टर ह्या खोलीत आहेत? हात वर झाले, जवळजवळ सगळेच. तुझ्या तर्काच्या उलट जाणारी एखादी गोष्ट शोधलीस का? नाही. शिकाऊ फार्मासिस्टनंसुद्धा एक प्रश्न विचारून घेतला. दारिओ घामाघूम उभा होता. हर्नियाच्या वेळी त्यानं वाचलं नव्हतं म्हणून फसला होता; ह्या वेळी सगळं वाचूनही फसला होता, आणि हे त्याला जास्त झोंबलं.

तेवढ्यात ग्वेन उठली. तिनं बॅगेतून लाल ट्रान्सपरन्सींचा गठ्ठा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. त्यावर केळ्याचं साल चिकटलेलं होतं.

"टोपलीतून काढलं मी," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, तू शेण खाणार."

दारिओनं साल काढलं. पान पुसलं. पहिली लाल ट्रान्सपरन्सी प्रोजेक्टरवर ठेवली आणि मागे टॉल्मीकडे बघितलं. म्हातारा पुढे वाकून बसला होता, कानातलं यंत्र बोटानं दाबून धरत.

"सर, ह्यात जरा..."

"जरा नको," टॉल्मी म्हणाला. "पूर्ण."

आणि मग दारिओनं सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापरा होता, तिसऱ्याला सुटला. चिठ्ठ्या का टाकायच्या असतात, नर्सला गट माहीत असल्यानं काय होतं, थोड्या पेशंटांत नशीब कसं खेळतं, हे त्यानं टॉल्मीच्याच आकड्यांवरून दाखवलं. चार जणांच्या खोलीचा मुद्दा आला तेव्हा टॉल्मीनं काठी फरशीवर आपटली आणि ओरडला, "बरोबर! पुढं!" आइस्क्रीमचा मुद्दा दारिओनं तिथल्या तिथं आत घातला, तेव्हा म्हाताऱ्यानं शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली.

मग ती ट्रान्सपरन्सी आली, ज्यांना उठून बसवत नव्हतं त्यांची. दारिओ अडखळला.

"ज्यांना बसता येत नव्हतं, ते पलंगाच्या गटात धरले गेले. म्हणजे जे मुळातच जास्त आजारी होते, ते सगळे एका बाजूला आले. फरक खुर्चीचा नसेल. फरक... त्यांच्या आजाराचा असेल."

टॉल्मी ह्या वेळी ओरडला नाही. काठीच्या मुठीकडे बघत राहिला.

"त्यातला एक गेला," तो म्हणाला. "डेल्बर्ट नावाचा. आगबोटीवर खलाशी होता. त्याला खुर्चीत बसायचं होतं रे. मी म्हटलं, जमणार नाही तुला, पड. आणि त्याचा आकडा पलंगाच्या खात्यात टाकला. आकडा मला सोयीचा होता." त्यानं नाक शिंकरलं. "बरोबर आहे तुझं. थांबलास का? चालू ठेव."

दारिओनं चालू ठेवलं. शेवटी बाईंनी प्रश्न विचारला, उद्या सकाळी करणार का. एकही हात वर झाला नाही, आणि टॉल्मीनं खोलीभर नजर फिरवली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं, हे दारिओला नीट दिसलं. चूक निघाल्यावर माणसाला इतकं हलकं वाटू शकतं, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

"पास कर गं त्याला, मोइरा," टॉल्मी म्हणाला. "ते आधीचं गुळमुळीत सोडून दे. दुसरं धर फक्त."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्वेननं अंगठा वर केला. दारिओनं एवढंच म्हणायचं होतं, 'थँक्यू, सर.' आईचं पिल्लू वाचलं असतं, म्हणजे भाजलं गेलं असतं. पण गेली दहा मिनिटं तो ज्या सुरात बोलत होता, तो सूर त्याच्या जिभेवरून उतरेना.

"तसं करता येणार नाही, सर," तो म्हणाला.

ग्वेनचा अंगठा खाली गेला.

"जो निकाल आवडला नाही तो गाळायचा आणि आवडला तेवढाच छापायचा, हे चालत नाही. आत्ता मी त्यावरच तुम्हाला सोललं. पहिलं मांडणंही माझंच होतं. आणि धरायचंच तर ते हर्नियाचंही धरायला हवं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं ते.  किलब्राइडबाईंनी चष्मा काढला. त्यांना बिनचष्म्याचं पाहिलेलं तिथं कुणी नव्हतं.

"म्हणजे दोन वाईट आणि एक चांगलं," त्या म्हणाल्या. "तुझ्याच पुराव्यानं तू वर्ष परत करायला हवंस."

दारिओ म्हणाला, "तीनच नोंदी आहेत, मॅडम. इतक्या थोड्यावरून ठाम काही सांगता येत नाही. अधिक अभ्यासाची गरज आहे."

हे वाक्य प्रत्येक कच्च्या पेपरच्या शेवटी असतं आणि किलब्राइडबाईंना त्याचा मनापासून तिटकारा होता.  बाईंचे ओठ दाबले गेले. ह्या वेळी दात दुखत नव्हता. मग त्यांना हसू आवरेना. त्या हसल्या, एवढ्या मोठ्यानं की स्वतःच दचकल्या.

"ठीक आहे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "निकाल जूनच्या अखेरीला. तोवर दर महिन्याला पेपर तूच मांडायचास. आणि मध्ये कुणी आजारी पडलं, तर त्याचाही तूच."

"पेपर मी पुरवतो," मागून टॉल्मी म्हणाला. "माझे अजून बरेच आहेत. एक मोहरीच्या लेपावर आहे. तो तर ह्याच्याहून भयंकर."

लोक राउंडला पांगले. दारिओ ट्रान्सपरन्सी गोळा करत होता, एवढ्यात टॉल्मीनं त्याची बाही धरली. म्हाताऱ्यानं डोनटचा खोका जवळ ओढला होता आणि शेजारची खुर्ची काठीनं बाहेर सारली होती.

"माझी बायको भांडायची माझ्याशी," तो म्हणाला. "ती गेल्यापासून सगळे नुसते गोड बोलतात. चालताना हात धरतात. मी काहीही बोललो तरी हो म्हणतात. असं वाटतं, लोक आपल्याला केव्हाच पुरून मोकळे झालेत." त्यानं दारिओला खाली बसवलं. "तुला राउंडला उशीर होईल, होऊ दे. मोइराला मी सांगतो. तो चार जणांच्या खोलीचा मुद्दा पुन्हा एकदा सांग. आणि आता ते सर, सर नको."

दारिओनं दाराकडे बघितलं. तिथं किलब्राइडबाई उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"अँगस," दारिओ म्हणाला, "तो मुद्दा म्हणजे शुद्ध गाढवपणा आहे."

"हां," टॉल्मी खुशीत डोनट मोडत म्हणाला. "आता कसं! कुठं गाढवपणा आहे, ते सांग."